कोरडेसाहेबांची शेवटची बाटली

कोरडेसाहेबांचं खरं आडनाव कोरडे नव्हतं. ते खात्याने ठेवलं होतं, आणि खात्याने ठेवलेलं नाव आईवडिलांनी ठेवलेल्या नावापेक्षा जास्त टिकतं. साहेब बॉयलर तपासनीस होते. कारखान्यांत वाफ तयार करणारी जी अजस्र भांडी असतात ती फुटून माणसं मरू नयेत म्हणून सरकार जी माणसं पाळतं, त्यांपैकी एक. सगळी नोकरी या गावाहून त्या गावाला जाण्यात गेली, पण ज्या कारखान्याचा बॉयलर तपासायचा तिथला चहाच काय, पाण्याचा घोटही त्यांनी कधी घेतला नाही. पाणी घरून न्यायचं. बसायला खुर्ची दिली तर उठताना पॅन्ट झटकायची, म्हणजे कारखान्याची धूळसुद्धा फुकट घरी यायला नको. एकदा एका मालकाने भर पावसात छत्री पुढे केली, तर साहेब ती नाकारून भिजत स्टेशनवर गेले आणि तापाने पडले. रजेच्या अर्जात कारण म्हणून ते 'सचोटी' असं लिहिणार होते. बायकोने 'ताप' लिहायला लावलं.

असल्या माणसाचा आणि बीअरचा संबंध काय, असं कुणालाही वाटेल. संबंध बायकोमुळे आला. लग्नानंतरच्या पहिल्याच दौऱ्यात नव्या बायकोसाठी काय न्यावं हे साहेबांना सुचेना. तिथल्या दुकानदाराने 'ही इथली खासियत' म्हणून एक बाटली हातात ठेवली, आणि साहेबांनी ती सरबत समजून घरी आणली. दोघांनी ती स्टीलच्या पेल्यांतून घेतली. साहेब म्हणाले, "खराब झालेलं दिसतंय." बाईंनी पेला संपवला, ओठ पुसले आणि विचारलं, "आणखी आहे?"

तेव्हापासून दर दौऱ्यातून एक बाटली, हा या घरचा नेम झाला. कंपनीची, सगळीकडे मिळणारी बीअर चालायची नाही. त्या त्या गावात कुणीतरी छोट्या भट्टीत मन लावून केलेली हवी. साहेबांना चव म्हणजे कडू आणि जास्त कडू एवढंच कळे. पण बाईंची जीभ अशी, की घोट घेऊन त्या सांगत, "माल्ट जळलंय याचं," किंवा "बनवणारा माणूस घाईत होता." साहेब मान डोलवत. स्वतःच्या बायकोचं कौतुक वाटणं हे सरकारी नियमांत बसतं की नाही हे त्यांनी कधी तपासलं नाही.

हे सगळं चालायचं ते गुपचूप, कारण सासूबाई घरात होत्या. सासरे गेल्यावर त्या लेकीकडे राहायला आल्या. शिस्त अशी की चहात साखर जास्त पडली तरी त्यांच्या कपाळावर आठी पडायची. त्यांच्यासमोर बीअर हा शब्द काढायची दोघांची छाती नव्हती. त्या संध्याकाळी टीव्हीवरच्या मालिकेत रमल्या की नवराबायको बाल्कनीत जात आणि कॉलेजातल्या पोरांसारखे भीत भीत ग्लास भरत.

पण अलीकडे साहेबांचं नशीब फिरलं होतं. एका दौऱ्यातून आणलेली बीअर साबणासारखी लागली. दुसरीला वासच असा होता की बाईंनी ती कुंडीत ओतली, आणि कुंडीतलं झाड मान टाकून बसलं. तिसरी तर घरापर्यंत पोचलीच नाही. उन्हाने आतला दाब वाढून ती प्रवासातच बॅगेत फुटली. बॉयलर तपासनिसाच्या बॅगेत दाब वाढून स्फोट! ही बातमी खात्यात गेली असती तर पेन्शन घेताना मान खाली घालावी लागली असती.

आणि अशातच हुकूम आला. साहेबांचं वय पाहता त्यांना मुख्य कार्यालयात बसवण्याचं ठरलं होतं. पंखा, टेबल, शिपायाची घंटा आणि दौरे बंद. म्हणजे हा दौरा शेवटचा, आणि बाटलीही शेवटची.

निघताना बाईंनी दारात बॅग हातात देत आवाज खाली आणला. "अहो, एवढे बॉयलर पारखता, एक बाटली पारखून आणता येत नाही? ही शेवटची आहे. आता काही भलतंसलतं आणलंत ना, तर जन्मभर तीच चव राहील माझ्या तोंडात."

हे साहेबांच्या वर्मी लागलं. मोठमोठ्या कारखानदारांना घाम फोडणारा माणूस जिना उतरताना स्वतःशीच पुटपुटत होता.

गावात पोचल्यावर पहिली अडचण अशी की विचारायचं कसं? सरकारी अधिकाऱ्याने उठून 'इथे चांगली बीअर कुठे मिळते' असं विचारणं शोभत नाही. साहेब लॉजच्या मॅनेजरला म्हणाले, "माझ्या एका मित्राला हवी आहे."

"मित्रालाच हवी असते साहेब," मॅनेजर गंभीरपणे म्हणाला. "स्वतःला हवी असलेला माणूस माझ्या लॉजवर अजून उतरायचाय. मित्राला म्हणावं, शाळेतल्या बाईंच्या भट्टीला पर्याय नाही. लॉन्ड्रीच्या मागची गल्ली."

हे तिथेच थांबलं असतं तर ही गोष्टही इथेच संपली असती. पण आपल्या लोकांना एक सल्ला पुरत नाही, आणि साहेबांना तर प्रत्येक गोष्ट दोनदा तपासायची सवय. ते दाढी करायला गेले तेव्हा न्हाव्याला विचारलं. न्हाव्याने वस्तरा गळ्यावर ठेवून सांगितलं की मॅनेजरला अक्कल नाही, बाईंची बीअर आता पहिल्यासारखी राहिली नाही, खरी चीज हवी तर पुलापलीकडे जावं. गळ्यावर वस्तरा असताना कुणाचंही म्हणणं पटतं. पुलापलीकडचा औषधवाला म्हणाला की न्हाव्याने अजून त्याची उधारी... जाऊ दे, पण पुलापलीकडे काही नाही, खरी जागा म्हणजे नाट्यगृहासमोरचा तो दाढीवाला.

दाढीवाला बँकेतली नोकरी सोडून बीअरकडे वळला होता, आणि हे तो गिऱ्हाइकाला पाणी द्यायच्या आधी सांगायचा. त्याच्या दुकानात खुर्च्यांऐवजी खोकी होती. बीअरच्या नावाखाली वर्णन लिहिलेलं होतं: 'किंचित ढगाळ, अंतर्मुख, शेवटी लाकडाची आठवण.' साहेबांनी तेवढ्यावरूनच ओळखायला हवं होतं, पण त्यांना वाटलं हे तांत्रिक शब्द असतील.

"ही बीअर तुम्हाला आवडणार नाही," दाढीवाला म्हणाला. "सुरुवातीला कुणालाच आवडत नाही. तुम्ही तिच्यापर्यंत पोचायला हवं."

"मी लॉजपासून चालत आलोय," साहेब म्हणाले. "अजून किती पोचायचं?"

साहेबांनी घोट घेतला. अंतर्मुखता सोडून बाकी सगळं त्यात होतं, मुख्यतः भिजलेला पुठ्ठा. ज्या माणसाला कडू आणि जास्त कडू एवढेच दोन प्रकार माहीत, त्याला त्या दिवशी तिसरा समजला. ग्लास तसाच ठेवून ते उठले, तर दाढीवाला सहानुभूतीने म्हणाला, "तुमची तयारी झाली नाही अजून." सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला, ज्याने खात्याच्या सगळ्या परीक्षा पहिल्या फटक्यात पास केल्या, त्याला कुणी तयारी झाली नाही म्हणावं? साहेबांनी ते मनाला लावून घेतलं आणि रात्रीचं जेवण केलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलेले कारखाने तपासले, आणि काम संपल्यावर स्थानिक कार्यालयातल्या हेडक्लार्कला सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या लॉन्ड्रीमागे एक भट्टी आहे म्हणतात. तिथे बॉयलर असेल ना? यादीत दिसला नाही."

हेडक्लार्क हा पृथ्वीवर घाई नावाची गोष्ट आहे हे मान्य न करणारा मनुष्य. कोणताही कागद त्याच्या टेबलावर आला की आधी मुरत ठेवायचा. पण या प्रश्नाला उत्तर ताबडतोब आलं. "बॉयलर नाही साहेब, कुकर म्हणा. मोठा कुकर. आपल्या कक्षेत येतच नाही. अर्थात मी स्वतः पीत नाही, ऐकून आहे फक्त."

साहेबांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. बॉयलर नाही म्हणजे तपासणी नाही, तपासणी नाही म्हणजे संबंध नाही, आणि संबंध नाही म्हणजे पैसे देऊन एक ग्लास घ्यायला आणि एक बाटली न्यायला हरकत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना हेडक्लार्कविषयी प्रेम वाटलं.

भट्टी म्हणजे एक लांबच लांब खोली होती. बाकं, पांढऱ्या फरशा, आणि शेवटी काचेच्या पलीकडे तांब्याचं मोठं भांडं. मालकीण बाई पूर्वी शाळेत विज्ञान शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर हे सुरू केलं, पण वर्ग काही सुटला नव्हता. कुणी मोठ्याने हसलं तर त्या काउंटरवर फडकं आपटत आणि गिऱ्हाइकं गप्प होत. काचेकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून साहेब बसले. मोह नको. वाफेचं काही दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे.

पैसे आधी देऊन त्यांनी पहिला घोट घेतला.

आता इथे मला थांबायला हवं, कारण साहेबही थांबले. तो घोट कडू होता, पण त्या कडूपणाला मागून भाजलेल्या पावाच्या कडेसारखं काहीतरी येऊन बिलगत होतं, आणि नंतर तोंड स्वच्छ झाल्यासारखं वाटत होतं. ज्या माणसाला चव कळत नाही त्याला कळली. बायको घोट घेतल्यावर डोळे का मिटते हे त्यांना इतक्या वर्षांनी समजलं, आणि आपण तिच्याशेजारी बसून नुसतेच मान डोलवत होतो याची लाज वाटली. हीच. हीच न्यायची. त्यांनी दुसरा घोट घ्यायला मान वर केली.

समोरच्या भिंतीवर आरसा होता. आरशात काचेपलीकडचं भांडं दिसत होतं, भांड्यामागचा बॉयलर दिसत होता, आणि बॉयलरवरचं दाबाचं घड्याळ दिसत होतं. त्याचा काटा लाल रेषेच्या पलीकडे होता.

साहेबांनी मान खाली घातली. आरशात सगळं उलटं दिसतं, त्यांनी स्वतःला समजावलं. डावं ते उजवं. मग मनातल्या मनात काटा उलटा करून पाहिला. तो उलटा केल्यावरही लालच होता. कुकर आहे, हेडक्लार्क खोटं कशाला बोलेल, असं म्हणून पाहिलं. एवढा मोठा कुकर वापरायचा तर घरी पलटण जेवायला असावी लागते. बाक सरकवून बसावं म्हणजे आरसा दिसणार नाही, असंही वाटून गेलं. पण धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं अशी गत. त्यांनी ग्लास खाली ठेवला, उठले, आणि काचेपलीकडे गेले.

बॉयलरवर एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. आत दाब फार झाला की तो आपोआप उघडतो आणि वाफ शिट्टी घालत बाहेर पडते. त्याला एक दांडा असतो, दांड्याला ठरलेलं वजन. इथे त्या वजनाच्या पुढे कपड्यांची एक जुनी लोखंडी इस्त्री तारेने बांधून लटकवलेली होती. म्हणजे व्हॉल्व्ह उघडायचा प्रश्नच नव्हता. छप्पर उघडलं असतं आधी.

"बाई, सगळ्यांना बाहेर काढा," साहेब म्हणाले.

"तुम्ही कोण? आणि आत कसे आलात?"

साहेबांनी ओळखपत्र काढलं. तेवढ्यात कोपऱ्यात एका माणसाने वर्तमानपत्र एकदम तोंडासमोर धरलं. ते उलटं होतं, आणि पेपराखाली दिसणारे बूट हेडक्लार्कचे होते. साहेबांना ते बूट पाहून राग आला नाही. वाईट वाटलं.

"इस्त्री कुणी लटकवली?"

"तो व्हॉल्व्ह रोज दुपारी शिट्टी मारायचा," बाई म्हणाल्या. "वरच्या मजल्यावर निवृत्त न्यायाधीश राहतात, त्यांची झोप मोडायची. नोटीस देतो म्हणाले. प्लंबर म्हणाला वजन लावा. डॉक्टरांनी इस्त्री सुचवली. लॉन्ड्रीवाल्याने दिली." मग एकदम त्यांचा चेहरा पडला. "मी पोरांना वाफेचा धडा शिकवायचे हो."

सगळी गिऱ्हाइकं गल्लीत उभी राहिली, काहींचे ग्लास हातातच होते. साहेबांनी खालचा जाळ बंद केला, लांब काठीने इस्त्री खाली पाडली, आणि व्हॉल्व्ह जो उघडला तो वर्षभराच्या शिट्ट्या एकदम घालत सुटला. वरच्या खिडकीतून न्यायाधीश ओरडले, "नोटीस देईन!" खालून साहेब ओरडले, "छप्पर उडालं असतं तर कुणाला दिली असती?" न्यायाधीशांनी खिडकी लावून घेतली. भांड्यात अर्धवट उकळलेला माल फुकट गेला. बॉयलरला शिशाचं सील लागलं.

दुसऱ्या दिवशी गावाला साहेबांनी आपला जीव वाचवल्याची जाणीव झाली असेल, असं भोळ्या लोकांना वाटेल. लॉजवर गरम पाणी आलं नाही. मॅनेजर म्हणाला, "बॉयलर बंद ठेवलाय साहेब, आपली परवानगी नव्हती." परवा तासभर बोलणारा न्हावी वस्तरा चालवताना एक अक्षर बोलला नाही, आणि ती दाढी करून घेणं हे साहेबांच्या नोकरीतलं सगळ्यात धोक्याचं काम ठरलं. रस्त्यात एक अनोळखी बाई थांबून म्हणाल्या, "ह्यांचं पोट त्या बीअरने ठीक राहायचं, आता तुम्ही बघा." साहेबांनी काय बघायचं हे त्यांनी सांगितलं नाही. ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं, दुसरं काय!

पण एक चमत्कार मात्र झाला. ज्या कार्यालयात नवीन टाचण्यांची मागणी मंजूर व्हायला ऋतू बदलतो, तिथे हेडक्लार्क सकाळी कुलूप उघडायच्या आधी येऊन उभा होता. नव्या व्हॉल्व्हचा अर्ज आला, शेरा मारला गेला, मंजूर झाला, आणि हे सगळं शाई वाळायच्या आत. शेजारच्या गावचा फिटर, जो एरवी आजारी आईचं कारण सांगतो, तो आईला घेऊन आला. न्यायाधीशांनी स्वतः लेखी दिलं की वाफेच्या शिट्टीविषयी त्यांची तक्रार नाही, उलट ती ऐकून वेळ कळते. साहेबांनी हे पाहिलं आणि त्यांना कळून चुकलं की सरकार सुस्त आहे हा आपला गैरसमज होता. सरकारला तहान लागायला हवी, एवढंच.

पाण्याच्या दाबाची चाचणी झाली. व्हॉल्व्ह जिथे उघडायला हवा तिथे उघडला. साहेबांनी सील काढलं, अहवाल लिहिला, सही केली. मग रुमालाने हात पुसत काउंटरपाशी आले आणि घसा खाकरला. "एक बाटली हवी होती. विकत."

बाईंनी मागून एक बाटली आणली. "आधीच्या मालातली ही शेवटची. पैसे कसले देताय, जीव वाचवलात."

"फुकट मी पाणीही घेत नाही."

"मग विकत घ्या," बाई म्हणाल्या, जरा दुखावल्या होत्या त्या.

एवढ्यात हेडक्लार्कने मध्ये तोंड घातलं. "साहेब, परिपत्रकाचं काय?"

परिपत्रक! काही वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याच्या घरी तपासलेल्या कारखान्याचा साबण सापडला होता. 'विकत घेतला' असं तो सांगत होता. तेव्हा साहेबांनी एका बैठकीत, पेटून उठून, एक परिपत्रक लिहिलं होतं. खात्यात ते पाठ म्हणून दाखवलं जाई. हेडक्लार्कने ते वर्गात कविता म्हणावी तसं म्हटलं: तपासणी झालेल्या जागेतून अधिकाऱ्याने, तसेच त्याच्या पत्नीने, अपत्यांनी, आईवडिलांनी, भावंडांनी आणि मित्रांनी, विनामूल्य अथवा मूल्य देऊन, कोणतीही वस्तू अहवालाला मुख्य कार्यालयाची अंतिम मंजुरी मिळेपर्यंत स्वीकारू नये.

अंतिम मंजुरी! मुख्य कार्यालयाने शेवटचा जो अहवाल मंजूर केला होता तो ज्या कारखान्याचा, तिथे मधल्या काळात सिनेमागृह झालं होतं, आणि ते सिनेमागृहही आता बंद पडलं होतं.

"कोण बघतंय साहेब," मॅनेजर म्हणाला. तोही आला होता. सगळं गावच आलं होतं. "मी घेतो, तुम्हाला देतो."

"मित्र त्यात आहेत," साहेब खोल आवाजात म्हणाले.

"मी कुठे तुमचा मित्र आहे?" मॅनेजर म्हणाला, आणि सकाळच्या गरम पाण्याचा विचार करता हे खरं होतं. पण साहेबांनी मान हलवली. पळवाट काढली तर आतापर्यंत नाकारलेले सगळे चहा, सगळं पाणी, ती पावसातली छत्री, सगळं वाया गेलं असतं. आणि नाही काढली तर बायको म्हणेल, शेवटची बाटलीसुद्धा आणता आली नाही. बाहेर गल्लीत येऊन त्यांनी घरी फोन लावला.

घरच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. इस्त्रीपाशी हसल्या, न्यायाधीशांपाशी जास्त हसल्या. परिपत्रकापाशी हसणं थांबलं.

"पत्नीने? म्हणजे मी?"

"हो."

"मला न विचारता मला बंदी घातलीत? सरकारी कागदावर?"

"तेव्हा डोक्यात..."

"तुमच्या डोक्यात काय होतं ते राहू दे. मला सांगा, अजून कोण कोण आहे त्यात?"

साहेबांनी यादी म्हटली. पलीकडे बाईंनी ती पुन्हा म्हणून पाहिली. मग म्हणाल्या, "तुमची सासू?"

साहेबांनी परिपत्रक मनात पुन्हा वाचलं. सासू नव्हती. ते लिहिलं त्याच आठवड्यात सासूबाई घरी राहायला आल्या होत्या, आणि त्यांचं नाव कुठल्या बंदीत घालण्याची साहेबांची हिंमत झाली नव्हती.

"सासू नाही," ते म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं की याचा अर्थ काय. "अगं, नको. त्यांना कळेल सगळं!"

"मग राहू दे बाटली?"

साहेबांच्या जिभेवर तो घोट अजून होता. तो घोट घेतल्यावर हिचे डोळे मिटलेले एकदा बघायचे होते, आणि आता बघायचे नाहीत तर कधीच नाहीत. "सांग त्यांना," ते म्हणाले, आणि गल्लीच्या भिंतीला टेकले.

फोनमधून पावलं ऐकू आली, टीव्हीचा आवाज जवळ आला आणि बंद झाला. बाई सांगत होत्या. पहिल्या सरबतापासून कुंडीपर्यंत सगळं. साहेब मधूनमधून फोन कानापासून लांब धरत होते. शेवटी सासूबाईंचा आवाज आला.

"जावईबापू, म्हणजे इतकी वर्षं तुम्ही दोघं बाल्कनीचं दार लावून बीअर पीत होतात?"

"हो. चुकलंच आमचं."

"मला वाटायचं तुम्ही माझ्याबद्दल बोलता." सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता, असा साहेबांनी कधी ऐकला नव्हता. "दार लागलं की मी टीव्हीचा आवाज मोठा करायचे. म्हटलं, ऐकू नको यायला. म्हातारीचा कंटाळा आला असेल पोरांना."

मोठा कारखाना बंद करताना त्यांचा आवाज कधी कापला नव्हता, आता कापला. "तुमचं नावसुद्धा निघत नव्हतं हो," एवढंच ते म्हणाले, आणि हे धीर देणारं वाक्य आहे की नाही याचा विचार नंतर बराच वेळ करत राहिले.

"बरं. त्या बाईंना फोन द्या," सासूबाई म्हणाल्या. आवाज पूर्ववत झाला होता.

दोन्ही बाया बराच वेळ बोलल्या. सासूबाईंनी बाटली धुतलेली आहे का, बूच घट्ट आहे का, बनवताना हात कोण लावतं, सगळं विचारलं. काउंटरमागच्या बाई, ज्यांच्यासमोर सगळं गाव गप्प बसायचं, त्या 'हो हो' आणि 'नाही नाही' करत उभ्या होत्या. शेवटी पावती झाली, सासूबाईंच्या नावावर. हेडक्लार्कने ती परिपत्रकाशी ताडून पाहिली आणि त्याला त्यात काही सापडलं नाही, याचं त्याला मनापासून वाईट वाटलं.

परतीचा सगळा प्रवास साहेबांनी बाटली मांडीवर घेऊन केला. बॅगेत ठेवायची नाही, उन्हात धरायची नाही. शेजारच्या प्रवाशाने विचारलं, "औषध आहे का?" साहेब म्हणाले, "सासूबाईंचं आहे." तो माणूस आदराने थोडा सरकून बसला.

घरी पोचल्यावर त्यांनी बाटली आणि पावती दोन्ही सासूबाईंच्या हातात दिली. मालकाचा माल मालकाला. त्यांनी पावती नीट वाचली, घडी घातली आणि लेकीला म्हणाल्या, "ग्लास काढ. तीन काढ."

बाल्कनीत दोनच खुर्च्या होत्या. सासूबाई एकीवर बसल्या, बाई दुसरीवर, आणि साहेब कठड्याला टेकून उभे राहिले. बाईंनी घोट घेतला आणि डोळे मिटले. मग हात लांब करून त्यांनी साहेबांची बाही धरली आणि धरूनच ठेवली. या वेळी साहेबांनीही डोळे मिटले, आणि मान डोलवली नाही.

सासूबाईंनी ग्लास नाकाशी नेला, बारकाईने पाहिला, आणि पहिला घोट घेतला. कपाळावर आठी पडली.

"कडू आहे," त्या म्हणाल्या. आणखी एक घोट घेतला. "पण आत एकटीनं टीव्ही बघण्यापेक्षा बरी आहे."

साहेब आत जाऊन स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन आले. बाल्कनीत ते पुरतं मावेना, अर्धं उंबऱ्यावर टेकवावं लागलं, त्यामुळे दार काही लागलं नाही.